चूर्णाची चौकशी

देवळाच्या नवरात्र अंकातलं आरोग्याचं पान कुमुदिनीबाई लिहीत. यंदा विश्वस्त बापूसाहेब दाभोळे एका चूर्णाचं पत्रक घेऊनच आले. "याने मधुमेह मुळासकट जातो, गोळ्यासुद्धा बंद. छापून टाका."

कुमुदिनीबाईंनी हातातली वात खाली ठेवली. आळीतल्या कितीतरी बायका गोळ्या घेत होत्या, आणि अंकातला शब्द त्या देवीचा कौल मानत.

"छापू की," त्या म्हणाल्या. "बरं, तुमच्या शर्वरीसाठी एक स्थळ आहे. मुलगा हुशार, निर्व्यसनी, लाखात एक."

"कोण म्हणतं?"

"त्याची आई."

बापूसाहेब हसले. "अहो, आई दुसरं काय सांगणार? शेजारीपाजारी, कचेरीत विचारल्याशिवाय मी पोरगी देतो होय?"

"मग या चूर्णाचंही तसंच करू. हे पत्रक चूर्ण विकणाऱ्यानेच काढलंय, म्हणजे मुलाच्या आईचंच बोलणं. विक्रीशी संबंध नसलेल्या डॉक्टरांनी रोग्यांवर तपासून पाहिलं असेल, तर त्यांचा अहवाल आणा. त्याच दिवशी छापते."

बापूसाहेबांनी पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली. पायरीपर्यंत जाऊन ते वळले. "आणि ते स्थळ?"

"त्याच्या शेजारणीकडे उद्या हळदीकुंकवाला जातेय," कुमुदिनीबाई वात वळत म्हणाल्या.