गोजराबाईचा पट

बसा पायरीवर, पण त्या पटावर पाय देऊ नका. दगडात कोरलाय तोच. फोटो हवे तेवढे काढा. दिवाळीच्या सुट्टीत तुमच्यासारखी माणसं रोज येतात आणि रोज तेच सांगून माझं तोंड दुखतं. तरी सांगते. देवळाचा झाडू माझ्याकडे आला, तशी गोष्टही आली.

फार जुनी गोष्ट आहे, असं सांगतात. आमच्या निगुडवाडीत गोजराबाई नावाची एक सून होती. माहेरी वडिलांच्या मांडीवर बसून सोंगट्या शिकलेली. हात असा, की मागेल ते दान पडायचं म्हणे. दिवाळी आली की तिच्या नणंदा, जावई, पोरंटोरं घरी जमायची आणि दिवस दिवस पट मांडलेला असायचा. नणंद म्हणायची, वहिनी, बस की एक डाव. ती बसायची. दोन दानं टाकते न टाकते तोच आतून हाक, जावयांना पाणी काढ, दूध उतू चाललंय बघ. ती उठली की तिच्या जागी दुसरं कोणी बसायचं आणि तिचा डाव जिंकून मोकळं व्हायचं. अशा किती दिवाळ्या गेल्या. केस पिकले, पण सासरी आल्यापासून एक डाव काही तिला शेवटाला नेता आला नाही. जीव विटून गेला हो तिचा. सुट्टी सगळ्यांची असते, घरातल्या बाईला तेवढं दुप्पट काम.

एका वर्षी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी तिने सगळ्यांच्या अंघोळी उरकून दिल्या, पदरात सोंगट्या-कवड्या बांधल्या आणि टेकडी चढून इथे देवळात आली. आमच्या या देवीला, जानाईला म्हणाली, "आई, सोनंनाणं मागत नाही. एक डाव पुरा होऊ दे." मग कोळशाने या दगडावर पट आखला. समोर एक म्हातारी येऊन बसली. कोणी म्हणतं, देवीच ती. मला विचाराल तर रानातून लाकडं आणणारी कोणी असेल, तिलाही टेकायला निमित्त हवं असेल.

इकडे घरात चूल पेटेना. सासूने अंथरूण धरलेलं, नणंदा माहेरपणाला आलेल्या, त्या कशाला उठतील? दीर नि जावई फुंकून फुंकून थकले, जाळ काही धरेना. देवीचा कोप झाला म्हणतात. त्यांनी जन्मात कधी चूल पेटवली होती का, ते मात्र कोणी सांगत नाही. शेवटी नवरा तणतणत वर आला. म्हणाला, "आत्ता उठली नाहीस तर घराचं दार तुला बंद."

गोजराबाई जाणार कुठे? माहेरी कोणी उरलं नव्हतं. तरी तिने कवड्या टाकल्या. "बंद करा," म्हणाली. "डाव झाला की येऊन बाहेर बसेन."

डाव संपला आणि ती खाली आली. दार उघडंच होतं, भुकेली माणसं दार कशाला लावतील. जो तो एकच विचारत होता, भाकरी कधी होणार? ती उंबऱ्याबाहेर बसून राहिली. हिला काय हवंय, कोणाला कळेना. मग सासू भिंत धरत धरत बाहेर आली. तिचाही जन्म चुलीपुढेच गेलेला. शेजारी बसली आणि म्हणाली, "गोजरे, कोण जिंकलं गं?"

तेव्हा ती रडली. मग एकेक दान सांगत राहिली आणि सासू ऐकत राहिली. सगळं सांगून झाल्यावरच घरात चूल पेटली. पुढे सासूनेच पाथरवट बोलावून हा पट कोरून घेतला.

आजही त्या दिवशी गावातल्या सुना इथे खेळतात. डाव संपेपर्यंत कोणाच्या घरी चूल नाही, गॅससुद्धा नाही. आणि बाई घरी आली की आधी विचारायचं, कोण जिंकलं, मगच जेवणाचं बोलायचं. माझ्या सासूबाई होत्या तोवर सगळा डाव ऐकून घ्यायच्या. आता मुलगा विचारतो, चुकत नाही बिचारा. गेल्या वर्षी मी म्हटलं, हरले रे. मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "वा, छान."