चौगुल्यांचा डॉलर

इचलकरंजीत मागांचे सुटे भाग विकणाऱ्या जयकुमार चौगुल्यांना आपल्या परदेशी मालाचा भारी तोरा. गिऱ्हाईक शेजारच्या गल्लीतलं, पैसे रुपयांत घ्यायचे, पण बिल मात्र डॉलरमध्ये! कारखानदार शकुंतला मगदूम बिल भागवायला आल्या, तेव्हा चौगुल्यांनी न विचारताच वेलचीचा चहा मागवला. बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

"डॉलर वधारलाय," चौगुले म्हणाले. "आजच्या भावानं द्या. नाहीतर पुढचा माल विसरा."

माल नाही म्हणजे माग बंद. बाईंनी चहाला हातही लावला नाही.

"सरकारला कर कोणत्या भावानं भरलात?"

"बिलाच्या दिवशीच्या. तेव्हा डॉलर स्वस्त होता ना!" चौगुले खुशीत हसले.

"बरं, मी आजच्या भावानं देते. फक्त वरचे पैसे घेतल्याचं सहीशिक्क्यानिशी लिहून द्या. मी ते हिशेबात दाखवीन, मग तुम्हालाही दाखवावे लागतील आणि आजवर सगळ्यांकडून घेतलेल्या अशा वरच्या पैशांवर कर भरावा लागेल."

चौगुल्यांचं हसू मावळलं. पेन हातात घेऊन त्यांनी ते पुन्हा खिशाला लावलं.

"राहू दे. जुन्याच भावानं द्या."

बाईंनी पैसे मोजून दिले, कपबशी जवळ ओढली आणि विचारलं, "हा चहा तरी रुपयांतला आहे ना?"