अक्कासारखी दिसणारी बाई

एका गावात म्हाळू नावाचा एक भोळा भाऊ होता. कुणाचा भाऊ? हौसाअक्काचा. अक्का शहाणी आणि तोंडानं तिखट. नळाचं पाणी फक्त सरपंच तात्यांच्या आळीला येतं, म्हणून यंदा ती स्वतःच सरपंचपदाला उभी राहिली. प्रचाराला निघताना तिनं आपला फोन म्हाळूकडे दिला. शहाणी माणसंही कधीमधी चुकतात.

फोन वाजला. "बँकेतून बोलतोय. आत्ता आलेला नंबर सांगा."

म्हाळूनं सांगितला. अक्काचं खातं धुऊन निघालं.

"मुडद्या, फोनवर कुनी काय इचारलं तर सांगायचं न्हाई! फोन ठिवून द्यायचा!"

"बरं, अक्का."

दुसऱ्या दिवशीही फोन म्हाळूकडेच होता. तहसील कचेरीतून फोन आला. "चिन्हवाटप चाललंय. तुमच्या उमेदवाराला कोणतं चिन्ह हवंय?"

"सांगनार न्हाई," म्हणून म्हाळूनं फोन ठेवला. साहेबांनी पुन्हा लावला, यानं पुन्हा ठेवला. शिट्टी गेली, कपबशी गेली. उरलेली हिरवी मिरची अक्काच्या वाट्याला आली. गाव म्हणालं, चिन्ह शोभून दिसतंय.

अक्कानं कपाळाला हात लावला. "आरं, सरकारी मानसाला समदं सांगावं! इचारलं न्हाई तरी सांगावं!"

"बरं, अक्का."

मग खाकी कपड्यातला एक जण दारात आला. "गावात चोर शिरलेत. दागिने ठाण्यात जमा करायचेत. कुठं आहेत?"

म्हाळूनं पेटी दाखवली. किल्ली दिली. "आनि सायेब, आईचं गोठ उशीखाली हायेत बरं का," हेही न विचारता सांगितलं. पेटी गाडीला बांधायला दोरी त्यानंच शोधून आणली.

संध्याकाळी अक्का उंबऱ्यावर बसून रडली. म्हाळूलाही फार वाईट वाटलं.

"वर्दी बघून भुललास व्हय रं? बातम्या बघत न्हाईस? आता मशीनवर कुनाचंबी तोंड बनवत्यात, आवाज बनवत्यात. उद्या हुबेहूब मी म्हनून कुनी म्होरं आलं, तरी भुलू नगंस!"

"बरं, अक्का." यापुढे अक्काचा एकही शब्द खाली पडू द्यायचा नाही, असं त्यानं मनाशी ठरवलं. घात झाला तो इथंच.

मतदानाच्या दिवशी अक्कानं त्यालाच केंद्रात आपला प्रतिनिधी म्हणून बसवलं. काम एकच, बोगस मतदार दिसला की हरकत घ्यायची. तात्यांची माणसं आली, मत देऊन गेली. म्हाळूनं एकावरही हरकत घेतली नाही. शेवटी, केंद्र बंद व्हायच्या बेताला, घामाघूम झालेली अक्का आली.

म्हाळू ताडकन उठला. "सायेब, हरकत! ही बाई बोगस हाय!"

"अहो, ही तर तुमची बहीण ना?" अधिकारी म्हणाले.

"दिसतीया अक्कावानी. म्हनूनच म्हनतो."

"आरं गाढवा, मी हाय!" अक्का किंचाळली.

"बघा, आवाजबी जमवलाय."

अक्कानं त्याच्या कानाखाली अशी वाजवली की शाईची बाटली कलंडली. केंद्रात मारहाण केली म्हणून पोलिसांनी तिला बाहेर काढलं. ती हुज्जत घालत राहिली आणि तोवर दरवाजा बंद झाला.

निकाल लागला. तात्या एका मतानं निवडून आले. अक्का डोळ्यांना पदर लावून बसली होती. गालावर पाच बोटं मिरवत म्हाळू तिच्याजवळ गेला.

"रडू नगं, अक्का. एकाच मतानं हरलीस. त्या तोतयीला मी आत सोडली असती, तर दोन मतांनी हरली असतीस!"