बोरखिंडीचा चाकघडा

बोरखिंडीच्या तोंडाशी रस्त्याला लागून तो काळा धोंडा दिसतो ना, त्याच्यावर पाय ठेवून फोटो काढू नका, पाव्हणं. तो चाकघड्याचा धोंडा. आमच्याकडं गाडीची चाकं करणाऱ्याला चाकघडा म्हणतात, ते नाव इथंच पडलं.

म्हणे, तुळाजी सुताराची गाडी खिंड उतरताना कुरकुरतसुद्धा नसे. त्याला आईवेगळी एकच लेक, सगुणा. तिच्या लग्नात आंदण म्हणून त्यानं नवी गाडी केली, आणि घाईघाईत चाकांना ओल्या बाभळीचे आरे बसवले. एवढा जाणता माणूस, पण काय दुर्बुद्धी झाली, देव जाणे! ऐन वैशाखात नवरा-बायको त्याच गाडीनं माहेरी निघाली. आरे सुकून ढिले झाले होते. उतारावर चाक निखळलं. सगुणा वाचली, नवरा दरीत गेला.

तुळाजी तिच्या सासरी धावला. तिनं दार लावून घेतलं. "सगुणे, एकदा आबा म्हण गं," असं तो दाराबाहेरून विनवत राहिला. दार उघडलं नाही.

मग गाव सोडून तो या धोंड्यापाशी येऊन राहिला. जाणारी-येणारी प्रत्येक गाडी थांबवायचा, आऱ्यांवर हातोडी वाजवून कान द्यायचा, ढिला आरा फुकट बदलून द्यायचा. कधीतरी याच वाटेनं लेक येईल, एवढीच आस. अशी एकट्यानं बारा वर्षं काढली, असं सांगतात.

तेराव्या वर्षी ती आली. गाडीत पदर ओढून बसलेली. तुळाजीनं ओळखलं. एकेक आरा वाजवून कान दिला. सगुणा खाली उतरली नाही. गाडीवानाला म्हणाली, "त्या चाकघड्याला विचार, चाकं धड आहेत का?"

तुळाजीनं हातोडी खाली ठेवली. "धड आहेत," तो कसाबसा म्हणाला, "सुखानं जा म्हणावं."

गाडी वळणाआड गेली. त्यानंतर कुणी तुळाजी म्हणून हाक मारली, तर तो ओ देत नसे. "लेकीनं नाव ठेवलंय, तेच घ्या," म्हणायचा. त्याच नावानं तो गेला, आणि पुढं त्याचं काम जो करी, त्याला तेच नाव लागलं.

आता बैलगाड्या कुठल्या राहिल्या! पण आजही सासरी निघालेल्या नवरीची जीप इथं थांबते. नवरी उतरते, धोंड्याला हात लावते आणि म्हणते, "आबा, येते मी." सख्खा बाप शेजारी उभा असतो, पण ती पहिली हाक चाकघड्याची.