हिरवा ठिपका

“...ते सगळं खरं, सर. पण शेवटी निवडायचं कोणतं, ते तरी सांगा!”

बोलता बोलता सौमित्र उठून उभा राहिला. पडवीत येरझारा घातल्या. बसला. पुन्हा उठला. पुण्याहून दापोलीला येईपर्यंत बसमध्येही त्याचा जीव असाच वरखाली होत होता.

काझी सर फणसाच्या आठळ्या सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“आधी चहा पी.”

चहा केव्हाच निवला होता.

सौमित्रचा जीव ज्यात अडकला होता, तो प्रोग्रॅम सरांनीच सुरू केलेला. नाव ‘वाचा’. संगणकावरचं मराठी तो मोठ्यानं वाचून दाखवायचा. दृष्टिहीन मुलं त्यावर अभ्यास करायची. मालक कुणी नाही, पगार कुणाला नाही. गावोगावची माणसं फावल्या वेळात त्यात भर घालायची. आलेली भर जोडायची, तपासायची आणि वापरता येईल असा नवा प्रोग्रॅम बांधायचा, याला मंडळी ‘बिल्ड’ म्हणत. इतकी वर्षं ते काम सर हातानं करत आले होते. मग त्यांनी ते सौमित्रवर सोपवलं, आणि सौमित्रनं जाहीर केलं की आता हातकाम बंद. सगळं आपोआप झालं पाहिजे.

ते ठरलं. कशानं करायचं, ते मात्र ठरेना.

एका कंपनीची फुकट सेवा होती. वेगवान, देखणी. पण उद्या त्यांनी दार लावून घेतलं तर? एक कॉलेज आपला सर्व्हर द्यायला तयार होतं. पण तो बंद पडला तर धावायचं कुणी? सौमित्रनं दोन्ही उभं करून पाहिलं, तुलना केल्या, गटात वाद घातले. दोन जुनी माणसं रुसून निघून गेली. आणि या सगळ्यात नवा बिल्ड काही निघाला नाही.

इकडे ‘वाचा’ला एक खोड लागली होती. ‘दुसऱ्या’ आलं की तो शब्दच गिळायचा. जतच्या कोळेकर बाईंनी ते दुरुस्त करून पाठवलं होतं. बाई जन्मांध, अंधशाळेत शिकवणाऱ्या. दुरुस्ती तशीच पडून होती, आणि मुलांची परीक्षा तोंडावर आली होती.

“कोळेकर बाई काय म्हणतात?” सरांनी विचारलं.

“त्या कशालाही तयार आहेत. यापुढे बिल्ड त्याच काढणार. मला नोकरीतून कुठे जमतंय? त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की झालं की नाही ते कळणार कसं.”

“मग?”

“सांगितलं ना. अगदी सोपं आहे. हिरवा ठिपका आला की झालं. लाल आला की समजायचं...”

सरांची सुरी थांबली.

ती थांबली हे सौमित्रला दिसलं. का, ते कळलं नाही.

सर उठले. आत संगणकाजवळ गेले आणि त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

“काढ बिल्ड.”

“कंपनीच्या सेवेवर की सर्व्हरवर?”

“दोन्हीवर.”

सौमित्र खुशीत बसला. त्यानं कीबोर्डवर हात ठेवले, तोच सरांनी वाकून स्क्रीन बंद केली.

“सर!”

“संगणक चालू आहे. काढ.”

“पण दिसत नाहीये काही...”

सरांनी फक्त ‘वाचा’चा आवाज वाढवला.

कंपनीचं पान उघडलं. “चित्र,” वाचा म्हणाला. “चित्र. चित्र. बटण. चित्र.”

यातलं हिरवं कोणतं?

सौमित्रनं घाईघाईनं ते सोडलं आणि सर्व्हरवरचं पान उघडलं. हे त्यानं स्वतः बनवलेलं, हौसेनं नटवलेलं.

“बटण,” वाचा म्हणाला. “बटण. बटण. बटण.”

त्याचा हात आपसूक स्क्रीनच्या खटक्याकडे गेला. तिथे सरांचा तळवा आधीच होता.

“बाई कधी काही बोलल्या नाहीत, सर...”

“विचारलं होतं त्यांनी.”

...

सौमित्रनं दोन्ही पानं बंद केली. एक कोरी फाइल उघडली आणि सर हातानं जे करत ते, एकाखाली एक, साध्या आज्ञांमध्ये लिहायला घेतलं. प्रत्येक पायरीनंतर एक मराठी वाक्य. अंधारात चाचपडत, चुकत, कानानं चूक शोधत, खोडत. मध्येच चिडून खुर्ची मागे ढकलली, पुन्हा पुढे ओढली. बाहेर ऊन कलंडलं.

अखेर वाचा बोलला, “तुकडे गोळा केले.” थोड्या वेळानं, “जोडले. तपासले.” आणि मग, “बिल्ड तयार आहे.”

फाइल जतला पाठवून त्यानं बाईंना फोन लावला. त्यांनी ती आपल्या संगणकावर चालवली. फोनमधून आधी नुसती खरखर आली... मग तेच वाक्य.

“अहो, झालं की!” बाई हसल्या. “आजच टाकते शाळेत. पण हे पुढे चालवायचं कशावर? कंपनीकडे, की कॉलेजच्या सर्व्हरवर?”

सौमित्रनं तोंड उघडलं. या एका प्रश्नानं त्याची झोप उडवली होती.

“कशावरही चालेल, बाई,” तो म्हणाला. “तुम्हाला सोपं पडेल तिथे.”

फोन ठेवला तरी त्याचा पाय हलतच होता. त्यानं काळ्या स्क्रीनकडे पाहिलं, मग सरांकडे.

“सर... आता चालू करू?”

“का?” सर म्हणाले. “काही बघायचं राहिलंय?”