घोंगडीवरचा साहेब

शुद्धलेखनात चुका झाल्या असतील तर सांभाळून घ्या. माझी शाळा आठवीत सुटली, शब्दही साधेच येतात. पण त्या दिवशी मी तिथे होतो. जे ऐकलं तेवढंच लिहितो.

"एकच सांगा महाराज. फायनान्स की अकाउंटिंग?"

माझा मावसभाऊ सुयोग नीट खाली बसलाही नव्हता. दयागिरी बुवा मठाच्या ओसरीवर शेंगा सोलत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"काय असतं ते?"

"पदव्या आहेत. मला बँकेत अधिकारी व्हायचंय. अकाउंटिंग म्हणजे झालेल्या व्यवहाराचा हिशोब. फायनान्स म्हणजे पैसा पुढे कुठे लावायचा, त्याचा विचार."

"आणि बँकेला काय लागतं?"

"दोन्ही."

"मग बरंय की."

"बरं कसलं, महाराज. फायनान्सचं कॉलेज पुण्याला, अकाउंटिंगचं नाशिकला. दोन्हीकडे नाव लागलंय. उद्या दुपारपर्यंत कागद घेऊन समोर उभं राहायचं. नाही गेलो तर जागा दुसऱ्याला."

मागच्या वर्षीही असंच झालं होतं. शेवटच्या दिवशी तो संध्याकाळपर्यंत अंगणात येरझाऱ्या घालत राहिला, आणि दोन्ही जागा गेल्या. हे तो बोलला नाही. मावशीने यंदा बजावलं होतं, आता नाही गेलास तर काकाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचं. तेही तो बोलला नाही. चार दिवस त्याच्या पोटात धड अन्न नव्हतं.

त्याने फोन काढून बुवांपुढे धरला.

"मी सगळा अभ्यास केलाय. पगार, विषय, शिकवणारे, कोणाला कुठे नोकरी लागली... प्रत्येक गोष्टीला गुण दिलेत. बघा."

"मला चष्म्याशिवाय दिसत नाही. काय निघालं?"

"दोन्हीचे गुण सारखेच निघतात."

"एवढा अभ्यास केलास, मग माझ्यासारख्याला कशाला विचारतोस?"

"तुम्ही म्हणाल तिकडे जाईन. डोळे झाकून."

"आणि माझं चुकलं तर?"

"तुमचं नाही चुकणार, महाराज."

बुवांनी शेंगांची टोपली बाजूला सारली आणि घोंगडीवरून उठले.

"बस इथे."

सुयोग माझ्याकडे बघायला लागला. त्या घोंगडीवर बुवांशिवाय कोणी बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"बस रे. चावत नाही ती."

तो कडेला टेकला. बुवा खाली, तो आधी बसला होता त्या जागी बसले आणि त्यांनी हात जोडले.

"रामराम साहेब. मी दयागिरी. म्हैस घ्यायचीय, कर्ज पाहिजे."

मला हसू आलं. सुयोगला नाही आलं. त्याचे कान लाल झाले होते.

"बोल की," बुवा म्हणाले. "बँक उघडलीय. मागे रांग लागली."

"...आधी किती जनावरं आहेत?"

"एक गाय. भाकड."

"दूध कुठे घालता?"

"गावातल्या डेअरीला घालायचो."

"बंद का केलं?"

"गाय आटली साहेब, आता मी घालू का?"

आता सुयोगही हसला. मग सरळ बसला. चारा कुठून येतो, पाणी उन्हाळ्यात पुरतं का, गोठ्यावर छप्पर आहे का, घरात धार काढणारं कोण, डेअरीचे पैसे दर आठवड्याला येतात की थकतात, सगळं विचारलं. मागचं विचारलं, पुढचंही विचारलं. त्याचा आवाज बदलला होता. चार दिवसांत पहिल्यांदाच तो बोटांची नखं खात नव्हता.

"कर्ज बसतंय तुम्हाला," तो म्हणाला. "एकच म्हैस घ्या पण. वर्षभर बघा, मग दुसरी."

"देव भलं करो. आता एवढंच सांगा, मुऱ्हा घेऊ की जाफराबादी?"

"तुम्हाला कुठली झेपेल?"

"ते मला काय कळतंय. दोन्ही बघून आलो, दोन्ही सारख्याच वाटल्या. रात्रभर झोप नाही. तुम्ही म्हणाल ती घेतो, डोळे झाकून."

"अहो, पण..."

"आणि आटली, मेली, तर तुमच्या दारात आणून बांधीन."

"माझ्या दारात?"

"सांगितली तुम्ही. सांभाळायची तुम्ही."

सुयोग जरा चिडलाच.

"असं कसं बाबा? गोठा तुमचा, धार तुम्ही काढणार, दुधाचे पैसे तुम्ही घेणार. मग म्हैस मी कशी..."

तो थांबला.

...

बुवांचे हात अजून जोडलेलेच होते. मठामागे कोणीतरी लाकडं फोडत होतं. सुयोगचा हात पुन्हा तोंडाकडे गेला, आणि अर्ध्यावरून खाली आला.

"महाराज," तो म्हणाला, "मला भीती वाटते."

"म्हैस घेणाऱ्यालापण वाटते, साहेब."

"मग उद्या मी..."

बुवा गुडघ्यावर हात ठेवून उठले. टोपली काखेत घेतली आणि स्वयंपाकघराकडे चालू लागले. दारात थांबले, पण वळले नाहीत.

"उठताना घोंगडी झाडून ठेव. दुसऱ्या कोणाला बसायचं असेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुयोगला मोटारसायकलवर हायवेच्या फाट्याला आणलं. तिथे रस्त्याच्या अलीकडच्या बाजूला पुण्याच्या गाड्या थांबतात, आणि रस्ता ओलांडला की नाशिकच्या. तो मागे फाईल छातीशी धरून बसला होता. फाटा दिसायला लागला तसं त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"तू काय म्हणतोस?"

मागच्या वर्षी त्याने असं विचारलं तेव्हा मी सकाळी एक सांगितलं होतं आणि दुपारी दुसरं.

मी फाट्यावर गाडी बंद केली. तो उतरला. खिशातलं फडकं काढून मी मागची सीट झाडली, आणि तो कुठल्या बाजूला जाऊन उभा राहतो ते न बघता गाडी घराकडे वळवली.