चांदीच्या वाळ्याचा मासा

एका राज्यात एक तळं होतं. इतकं खोल, की आज दगड टाकावा अन् बुडाल्याचा आवाज उद्या वर यावा. तिथला राजा धवलसेन. त्याला एकुलती लेक, मैनावती. तिनं ‘बाबा’ म्हटलं की राजा भरला दरबार सोडून उठायचा.

मासळी पोटात अंडी धरते त्या दिवसांत तळ्यात जाळं टाकायचं नाही, अशी तिथली रीत. पण राजाला मेजवानीची हौस आली. त्यानं रीत मोडली. जाळी भरभरून निघाली, तशी तळ्याची जोगीण पाण्यावर उभी राहिली.

“राजा, माझी लेकरं जन्माआधीच नेलीस. तुझ्या लेकीची वाचा मी नेते. तळाशी सोनेरी मरळ आहे, तिच्या पोटात ठेवते. हवी तर काढ. पण जाळ्यानं नाही, गळानं. अन् चाकराच्या नाही, तुझ्याच हातानं.”

मैनावतीचे ओठ हलले, शब्द काही आला नाही.

राजानं लेकीचा तान्हेपणीचा चांदीचा वाळा ठोकून बोटाएवढा मासा घडवला. त्याला गळ बसवला, रेशमाची दोरी बांधली. लेकीला समोर बसवून होडी तळ्यात नेली. होडीच्या टोकावर एक खंड्या पक्षी येऊन बसला.

राजानं दोरी सोडली अन् भराभरा वरखाली केली.

खंड्या म्हणाला, “राजा, मासा धरतोस का ताक घुसळतोस? पळाली ना बिचारी!”

राजानं दोरी तशीच धरून ठेवली.

“आता काय खुंटी रोवलीस?”

“मग कसं करू, पक्षीराज?”

“तळाला टेकू दे. वीतभर उचल, मग सोड. तुझा मासा दुखणाईतासारखा डुलत डुलत पडू दे. मरळ पडत्या घासावर झेपावते. पण दोरीवरचं बोट काढू नको, तिथंच कळतं सारं.”

सांगणं सोपं, हात काही वळेना. तेव्हा मैनावतीनं बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला. हलकेच थाप दिली, थांबली, पुन्हा थाप दिली. राजा तिला निजवताना असाच तर थोपटायचा! त्याच ठेक्यात दोरी उठली, पडली. उठली, पडली. अन् पडता पडता बोटाला हिसका बसला.

सोनेरी मरळ होडीत आली. म्हणाली, “जिंकलास, राजा. सुरी घे, पोट चीर. वाचा आत आहे.”

राजानं सुरी उचलली. मरळीचं पोट टम्म फुगलेलं होतं.

“मरळबाई, पोटात आणखी कोण आहे?”

“लेकरं आहेत.”

राजानं लेकीकडे बघितलं. मग सुरी पाण्यात टाकून दिली.

“तर माझी लेक मुकीच बरी. तिच्या वाटचं मी बोलेन.”

त्यानं हात ओले केले, अलगद गळ सोडवला, मरळीला पाण्यात उतरवलं. ती खाली गेली. खालून एक बुडबुडा आला, होडीला लागून फुटला.

“बाबा, मासा गेला?”

“गेला गं, माझे बाय.”

“मग तुम्ही रडता का?”

राजाला काही बोलता येईना. खंड्याच म्हणाला, “त्याला आता कुठं बोलायला शिकायचंय, पोरी.”

तेव्हापासून अंडी धरायच्या दिवसांत त्या राज्यातली जाळी काठावर वाळत असतात. तळ्याची लेकरं तळ्यात नांदोत, घरची हाक घरात नांदो.